मोटारीच्या एंजिनांतील हवेच्या उष्णतामानाचा सेन्सर : दोष कसा ओळखावा

शेतकऱ्याच्या दाराशीं पूर्वीं बैलजोडी असे. आज पुष्कळ गांवीं तिच्या जोडीला किंवा तिच्या जागीं माल बाजारांत नेणारी लहान मोटार उभी असते. बैल आजारी पडला तर त्याची नाकपुडी, डोळे व शेण पाहून रोगाचा अदमास बांधण्याची विद्या आपल्या घरांत चालत आलेली होती. मोटारीच्या बाबतींत मात्र आपण सर्वस्वीं दुसऱ्याच्या सांगण्यावर अवलंबून राहतों. तो "हा भाग गेला" म्हणाला कीं आपण पैसे मोजतों, आणि तो भाग खरोखर गेला होता कीं नाहीं हें आपणांस कधींच कळत नाहीं. ही उणीव थोडीशी भरून काढावी या हेतूनें मोटारीच्या एका लहानशा अवयवाची परीक्षा येथें सांगण्याचें योजिलें आहे. हा अवयव म्हणजे एंजिनांत जाणाऱ्या हवेचें उष्णतामान मोजणारा सेन्सर होय.

एक अनुभव

आमच्या एका सभासदाजवळ पेट्रोलवर चालणारी लहान मालगाडी आहे. पावसाळ्याच्या अखेरीस एके दिवशीं पहाटे कोथिंबीर भरून ते बाजाराकडे निघाले. वाटेंत गाडी दोन वेळां बंद पडली आणि समोरच्या फलकावर एंजिनाचा पिवळा दिवा लागला. ते पोंचले तेव्हां लिलाव आटोपला होता. माल पडेल भावानें द्यावा लागला. दुपारीं त्यांनीं गाडी एका गॅरेजांत नेली. तेथें ती अर्धा तास उन्हांत उभी राहिल्यावर मिस्त्रीनें स्कॅनर जोडला. स्कॅनरवर पी ०११३ हा कोड निघाला व हवेचें उष्णतामान ६२ अंश दिसलें. "बाहेर ३२ अंश असतां हा ६२ दाखवितो, तेव्हां सेन्सर बिघडला," असा निर्णय होऊन नवा सेन्सर बसविण्यांत आला. चौथ्या दिवशीं दिवा पुन्हां लागला. "पहिला माल हलका होता," असें म्हणून दुसरा नवा सेन्सर बसला. त्यानंतरहि गाडी पहाटे बंद पडली, तेव्हां काढून टाकलेले दोन्ही सेन्सर खिशांत घालून ते आमच्याकडे आले. तिन्ही सेन्सर आम्हीं मल्टिमीटरवर तपासले. तिन्ही निर्दोष होते!

मग दोष कोठें होता? तें सांगण्यापूर्वीं या सेन्सरचें काम समजून घेणें अवश्य आहे. कारण काम समजल्यावर दोष शोधण्याची वाट आपोआप दिसूं लागते.

सेन्सरचें कार्य

पेट्रोल पूर्णपणें जळण्यास त्याच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. येथें "वजनानें" हा शब्द ध्यानांत धरावा. एंजिन हवा ओढून घेतें तें आकारमानानें. परंतु तेवढ्याच आकारमानांत थंड हवेचें वजन अधिक व उष्ण हवेचें कमी असतें. दाब सारखा असतां ५ अंशांच्या हवेशीं तुलना केली तर ४५ अंशांची हवा सुमारें एक-अष्टमांशानें हलकी भरते. निफाडकडील हिवाळ्याची पहाट आणि चंद्रपूरकडील मे महिन्याची दुपार यांत एवढें अंतर सहज पडतें. म्हणून पेट्रोल किती सोडावें हें ठरवितांना एंजिनाच्या संगणकास, म्हणजे ज्यास गॅरेजांत ई. सी. यू. म्हणतात त्यास, आंत येणारी हवा किती उष्ण आहे हें कळावें लागतें. ठिणगी केव्हां पाडावी हें ठरवितांनाहि हीच माहिती उपयोगी पडते. हवा फार उष्ण असली तर एंजिन ठोकूं नये म्हणून ठिणगी थोडी उशिरां पाडली जाते. ही योजना नवी नव्हे. बॉश कंपनीनें १९६७ सालीं फोक्सवॅगन मोटारींत बसविलेल्या डी-जेट्रॉनिक या विजेवर चालणाऱ्या पेट्रोल-फवारणीच्या यंत्रणेंतहि हवेच्या उष्णतामानाचा सेन्सर होता.

हा सेन्सर म्हणजे एक लहानसा मणी असतो. त्याचा गुण असा कीं, उष्णता वाढली म्हणजे विजेस होणारा त्याचा विरोध घटतो व थंडी वाढली म्हणजे तो वाढतो. ई. सी. यू. आपल्या पोटांतील एका ठराविक विरोधांतून ५ व्होल्टचा दाब या मण्याकडे पाठवितो व मध्यें किती व्होल्ट उरतात तें पाहतो. मणी थंड असेल तर व्होल्ट अधिक, उष्ण असेल तर कमी. यावरून दोन गोष्टी निघतात व त्या पाठ करून ठेवण्याजोग्या आहेत :

वायर तुटली, म्हणजे विरोध अनंत झाला, तर ई. सी. यू. यास अतिशय थंडी वाटते. स्कॅनरवर उणे ४० अंशांच्या आसपासचा आंकडा येतो.

दोन वायरी एकमेकींस चिकटल्या, म्हणजे विरोध शून्य झाला, तर त्यास अतिशय उष्णता वाटते. आंकडा १०० अंशांच्याहि बराच वर जातो.

सेन्सर कांहीं गाड्यांत एअर फिल्टरच्या डब्यावर किंवा त्यापुढील नळींत स्वतंत्र असतो. त्यास दोन वायरी असतात. कांहींत तो हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या पोटांत असतो व एकंदर चार वायरी येतात. आणखी कांहींत तो हवेचें वजन मोजणाऱ्या सेन्सरमध्येंच बसविलेला असतो. आपल्या गाडींत तो कोठें आहे हें प्रथम पाहून ठेवावें.

दोषाचीं लक्षणें

सेन्सर खोटी थंडी सांगूं लागला कीं पेट्रोल अधिक सोडलें जातें. खरी हवा ३५ अंशांची असतां तो उणे ४० सांगेल, तर केवळ दाबावरून हवेचा अंदाज करणाऱ्या एंजिनांत हिशेबानें सुमारें एक-तृतीयांश पेट्रोल अधिक ठरेल. अशा वेळीं एंजिन गुदमरतें, काळा धूर येतो, पेट्रोलचा वास येतो, क्वचित् गाडी बंद पडते. खोटी उष्णता सांगूं लागला तर पेट्रोल कमी पडतें व ठिणगी उशिरां पडते. चढावर जोर लागत नाहीं व सकाळीं एंजिन सुरू होण्यास वेळ लागतो.

मात्र हीं लक्षणें नेहमींच ठळक दिसतील असें नाहीं. ई. सी. यू. यास संशय आला म्हणजे तो सेन्सरचें म्हणणें बाजूस ठेवून एक ठराविक उष्णतामान धरून चालतो व पिवळा दिवा लावतो. शिवाय धुराच्या नळींतील ऑक्सिजनचा सेन्सर कांहीं मर्यादेपर्यंत चूक सुधारून घेतो. यामुळें पुष्कळदां दिव्यावांचून दुसरें लक्षणच आढळत नाहीं. उलटपक्षीं काळा धूर व गुदमरणें हीं लक्षणें तुंबलेल्या एअर फिल्टरनें किंवा पाण्याच्या उष्णतामानाचा सेन्सर बिघडल्यानेंहि होतात. सबब केवळ लक्षणांवरून निकाल देऊं नये.

परीक्षेचें साहित्य

साध्या प्रतीचा मल्टिमीटर, गाडीस जोडावयाचा लहान स्कॅनर, एक थर्मामीटर (दूध-डेअरींत वापरतात तो चालेल), आणि रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानीं मिळणारा २,२०० ओहमचा एक रेझिस्टर, एवढें साहित्य पुरे. स्कॅनर जोडण्याची सोळा पिनांची जागा हल्लींच्या गाड्यांत स्टिअरिंगखालीं असते. भारतांत ता. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. त्यानंतरच्या सर्व गाड्यांत अशी सोय आहे व त्याआधींच्याहि पुष्कळ गाड्यांत ती आढळते.

काम करतांना गाडी सपाट जागीं उभी करून हँडब्रेक ओढावा. एंजिन थांबलेलें असलें तरी पंखा आपोआप फिरूं शकतो, म्हणून हात व उपरण्याचें टोंक त्यापासून दूर ठेवावें.

पहिली परीक्षा : कोड काय सांगतो

स्कॅनरवरील कोड कागदावर उतरून घ्यावा. उतरून घेण्याआधीं पुसूं नये. कोड पुसणें म्हणजे पुरावा जाळणें होय. पी ०११२ म्हणजे व्होल्ट फार कमी, अर्थात् खोटी उष्णता. वायरी चिकटल्याचा संशय. पी ०११३ म्हणजे व्होल्ट फार अधिक, अर्थात् खोटी थंडी. वायर किंवा जोड तुटल्याचा संशय. पी ०११४ म्हणजे मधून मधून तुटणारा संबंध. पी ०१११ म्हणजे आंकडा शक्य कोटींतील असला तरी परिस्थितीशीं जुळत नाहीं.

यांपैकीं एकहि कोड "सेन्सर बदला" असें म्हणत नाहीं, हें पक्कें लक्षांत ठेवावें. कोड सेन्सर, त्याचा कनेक्टर, वायरी व ई. सी. यू. या सर्व साखळीविषयीं बोलत असतो. कोणती कडी तुटली हें आपणांसच शोधावें लागतें.

दुसरी परीक्षा : थंड एंजिनाची सकाळ

गाडी रात्रभर सावलींत उभी ठेवावी. सकाळीं एंजिन सुरू न करतां फक्त किल्ली फिरवून स्कॅनरवर दोन आंकडे पाहावे : आंत येणाऱ्या हवेचें उष्णतामान व एंजिनांतील पाण्याचें उष्णतामान. रात्रभरांत सर्व एंजिन बाहेरच्या हवेइतकेंच निवालेलें असतें. म्हणून हे दोन आंकडे व थर्मामीटरचा आंकडा हे तिन्ही थोड्या अंशांच्या फरकानें जुळले पाहिजेत. तिघांत दोघे जुळत असून एक वेगळें बोलत असेल तर संशय त्या एकावर घ्यावा.

ही परीक्षा तापलेल्या एंजिनावर कदापि करूं नये. गाडी चालवून उभी केली कीं बॉनेटखालीं कोंडलेली उष्णता सेन्सरपर्यंत पोंचते व निर्दोष सेन्सरसुद्धां ६० अंश किंवा त्याहूनहि अधिक दाखवितो. तो खोटें बोलत नसतो. त्याच्याभोंवतालची हवा खरोखरच तेवढी तापलेली असते. गाडी रस्त्यावर कांहीं वेळ चालली म्हणजे ताजी हवा येऊन आंकडा उतरतो व बाहेरच्या उष्णतामानाच्या थोडा वर स्थिर होतो. टर्बो असलेल्या डीझेल गाडींत सेन्सर टर्बोच्या पुढें असेल तर ओझें ओढतांना आंकडा याहून अधिक असतो. तोहि दोष समजूं नये.

तिसरी परीक्षा : सेन्सरचा विरोध

किल्ली बंद करून सेन्सरचा कनेक्टर काढावा व सेन्सरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावून ओहम मोजावे. बॉश कंपनीच्या फार प्रचारांत असलेल्या एका जातीच्या सेन्सरचे आंकडे सुमारें येणेंप्रमाणें आहेत :

० अंश : ५,९०० ओहम
१० अंश : ३,८०० ओहम
२० अंश : २,५०० ओहम
३० अंश : १,७०० ओहम
४० अंश : १,२०० ओहम
६० अंश : ६०० ओहम
८० अंश : ३२० ओहम

इतर जातींच्या सेन्सरचे आंकडे निराळे असूं शकतात, म्हणून आपल्या गाडीचें कोष्टक मिळाल्यास तेंच प्रमाण मानावें. तें न मिळालें तरी परीक्षा अडत नाहीं. सेन्सर काढून, पाणी शिरणार नाहीं अशा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवींत गुंडाळून, प्रथम वितळत्या बर्फाच्या पाण्यांत व नंतर कोमट पाण्यांत धरावा आणि थर्मामीटरजवळच ठेवून ओहम पाहावे. आंकडा हळूहळू व अखंड उतरत गेला पाहिजे. तो मध्येंच उडी मारील, जागच्या जागीं राहील किंवा अनंत दाखवील तर मणी बिघडला असें निश्चित समजावें.

सेन्सरवर तेलकट थर बसला असेल तर त्याचें बोलणें खरें पण उशिरां येणारें होतें. असा सेन्सर बदलण्यापूर्वीं विजेचे जोड साफ करण्याच्या फवाऱ्यानें धुऊन वाळवावा. तो हवेचें वजन मोजणाऱ्या सेन्सरच्या पोटांत असेल तर त्या कामासाठीं मिळणाराच फवारा वापरावा; आंत काडी, कापड किंवा ब्रश घालूं नये, कारण तेथील तार अतिशय नाजूक असते.

चौथी परीक्षा : वायरी व जोड

सेन्सर निर्दोष ठरला तर संशय वायरीवर जातो. कनेक्टर काढलेला असतांना किल्ली फिरवावी व दोन वायरींच्या सेन्सरच्या कनेक्टरमधील दोन टोंकांत व्होल्ट मोजावे. सुमारें ५ व्होल्ट आले पाहिजेत. न आल्यास मल्टिमीटरचें काळें टोंक बॅटरीच्या ऋण बाजूस लावून पुन्हां मोजावें. आतां एका वायरीवर ५ व्होल्ट मिळाले तर ती वायर ठीक असून परतीची वायर तुटली आहे. कोठेंच मिळाले नाहींत तर ५ व्होल्ट आणणारी वायर तुटली आहे, कोठें तरी गाडीच्या अंगास टेकली आहे किंवा ई. सी. यू. पर्यंत शोध न्यावयास हवा.

यानंतर कनेक्टरच्या त्याच दोन टोंकांत २,२०० ओहमचा रेझिस्टर बसवावा. हा आपला बनावट सेन्सर होय. त्याचा विरोध ठाऊक असल्यामुळें तो काय सांगणार हेंहि आपणांस आधींच ठाऊक असतें. वरील कोष्टकाच्या जातीचा सेन्सर असलेल्या गाडींत स्कॅनरवर २० व ३० यांच्या मधला आंकडा आला पाहिजे. तो आला तर वायरी व ई. सी. यू. त्या क्षणीं तरी निर्दोष आहेत. चार वायरींच्या कनेक्टरांत कोणतीं दोन टोंकें उष्णतामानाचीं हें गाडीच्या नकाशावरून नक्की केल्यावांचून हा प्रयोग करूं नये. नुसत्या तारेनें टोंकें जोडण्याची घाई तर मुळींच नको; चुकीचीं टोंकें जोडलीं गेल्यास ई. सी. यू. यास इजा होण्याचा संभव असतो.

रेझिस्टर जागेवर असतांनाच एका माणसानें स्कॅनरवर दृष्टि ठेवावी व दुसऱ्यानें वायरींची जुडी कनेक्टरपासून मागें मागें हलवीत, वांकवीत जावें. ज्या ठिकाणीं हात लागतांच आंकडा उणे ४० कडे झेपावेल, तेथेंच दोष आहे. मधून मधून तुटणारा संबंध शोधण्यास याहून सोपा उपाय नाहीं.

अनुभवाचा शेवट

आमच्या सभासदाच्या गाडीचा दोष या शेवटच्या परीक्षेनेंच सांपडला. बॅटरीच्या मागें वायरींच्या जुडीवरील चिकटपट्टी उंदरानें कुरतडली होती व आंतील एक वायर एका-दोन धाग्यांवर लोंबत होती. खळग्यांत गाडी हादरली कीं ती तुटे व पुन्हां टेके. तुटली कीं ई. सी. यू. यास क्षणभर भर पावसाळ्यांत उणे ४० अंशांची थंडी भासे, पेट्रोलचा भडिमार होई व एंजिन गुदमरे. वायर झाळून, तिजवर नळी चढवून व नवी पट्टी गुंडाळून काम झालें. सेन्सर मूळचाच परत बसविला. दिवा त्यानंतर लागला नाहीं.

आतां मिस्त्रीची चूक कोठें झाली तें पाहावें. कोड सांगत होता "खोटी थंडी". स्कॅनर त्या वेळीं दाखवीत होता "फार उष्णता". हीं दोन विधानें परस्परविरुद्ध आहेत. एकाच तुटलेल्या वायरीपासून दोन्ही निघणें शक्य नव्हतें. येथेंच थांबून विचार करावयास हवा होता. ६२ अंश ही उभ्या गाडीची खरी उष्णता होती व कोड हा रस्त्यावरील खरा दोष होता. दोहोंची सांगड घालून निर्दोष सेन्सरवर आरोप ठेवला गेला. मिस्त्री अप्रामाणिक होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें मोजण्याच्या आधीं निकाल दिला, एवढाच त्याचा दोष. आणि त्याची किंमत आमच्या सभासदानें दोन सेन्सर, दोन दिवसांचा खोळंबा व एका खेपेची कोथिंबीर या रूपानें दिली.

घ्यावयाची खबरदारी

धान्य, पेंड किंवा पोतीं यांच्या शेजारीं गाडी उभी राहत असल्यास उंदरांचा उपद्रव होतो. महिन्यांतून एकदां बॉनेट उघडून वायरींची पाहणी करावी. एंजिन धुतांना कनेक्टरवर पाण्याचा झोत मारूं नये. पिनांवर हिरवट गंज दिसल्यास साफ करावा. एअर फिल्टर वेळच्या वेळीं बदलावा. सेन्सर बदलावयाचाच झाला तर आपल्या गाडीच्या क्रमांकाचाच घ्यावा. दिसण्यांत सारखा पण निराळ्या कोष्टकाचा सेन्सर बसविला तर तो जन्मभर चुकीचेंच उष्णतामान सांगत राहील. परीक्षा संपल्यावर कनेक्टर "टक्" आवाज होईपर्यंत बसवावा, कोड पुसावा व दोन-तीन दिवस गाडी चालवून तो परत येतो कीं काय तें पाहावें.

सारांश

कोड उतरून घ्या. थंड एंजिनावर आंकडे जुळवा. सेन्सरचा विरोध मोजा. वायरी हलवून पाहा. आणि मगच खरेदीस जा. हा क्रम सकाळच्या एका तासांत पुरा होतो. ज्यांस स्वतः करणें जमत नसेल त्यांनीं गॅरेजांत एवढेंच विचारावें : "सेन्सरचे ओहम किती आले? कनेक्टरवर ५ व्होल्ट आहेत काय?" ज्यानें मोजलें असेल तो आंकडा सांगेल, ज्यानें मोजलें नसेल तो मोजावयास लागेल. दोहोंतहि आपला फायदाच आहे.